तपासणी बंद

शकिला : मावशी, ताट वाढू नका. आधी सांगा, या निवट्या कुठल्या?

वेणूबाई : कुठल्या म्हंजे? आपल्या खाडीतल्या. करावे गाव सोडून मी मावरा आनायला काय मुंबईला जाते? बस तू. उरनवरनं उपाशी आली असशील.

शकिला : दिवाळीच्या आधी मी काय सांगून गेले होते? आमच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत खाडीची मासळी घरात शिजवायची नाही.

वेणूबाई : नाय शिजवली. गावदेवीची आन. डाळ नि वांगी, वांगी नि डाळ. शेजारची चांगुना तोंडाला पदर लावून हसायची, म्हने वेनू, बामनीन झालीस का? पन आता तुमची तपासनी बंद झाली ना.

शकिला : झाली. मग?

वेणूबाई : मंग काय! माझा पंढरी तपासनीच्या निवट्यांचा डबा घेऊन तुमच्या कालेजात गेलता. गेटावर तुमचा मानूस बोलला, तपासनी बंद झाली, आता मासळी आनू नको. पंढऱ्यानं येऊन सांगितला, मी लगेच देवीला नारळ फोडला.

शकिला : नारळ कशाला?

वेणूबाई : सुटलो म्हनून. आमच्या सितारामवर इंजिनचोरीचा आळ आलता. पोलिसांनी तपास बंद केला, तवा त्यानं गावात पेढे वाटले. तपास बंद म्हंजे काय निघाला नाय, असाच ना?

शकिला : या अल्ला. मावशी, आमची तपासणी तशी बंद नाही झाली. पैसा थांबला म्हणून बंद पडली. सरकारी नोकर संपावर गेलेत ते ऐकलंत ना?

वेणूबाई : ऐकला. तलाठी पन नाय येत. बरा वाटतो त्याच्याबिगर.

शकिला : तोच संप. विद्यापीठाला या कामाची ग्रांट सरकारकडून येते. आमचं बिल ज्या कचेरीत आहे तिला कुलूप. ग्रांट नाही म्हणून रसायनं नाहीत, मशीनवरच्या माणसाला घरी बसवलंय. फ्रिजमधले तुमच्या मासळीचे जुने नमुने नासले. मार्च उलटला तर हे काम कायमचं गेलं, असं सर म्हणतात.

वेणूबाई : तुमच्या सरांचा राहू दे. मावरा चांगला का वाईट, तेवढा सांग.

शकिला : ते कुणालाच माहीत नाही.

वेणूबाई : तुला पन नाय?

शकिला : पहिल्या डब्यात पारा सापडला होता. एकदा सापडून भागत नाही, परत परत बघावं लागतं. बघायच्या आत सगळं थांबलं.

वेणूबाई : पारा, म्हंजे ताप बघायच्या नळीत असतो तो?

शकिला : तोच. एखाद्या कारखान्याच्या नाल्यातून येत असेल. पाण्यात दिसत नाही, मासळीला वास येत नाही.

वेणूबाई : शेत सिडकोनं घेतला, खाडी तेवढी राहिली होती. आता तीत पन विष. आनि तुमचे ते संपवाले घरात बसून काय करतान? त्यांना जाऊन सांग की जरा.

शकिला : कुणाला सांगू? माझा सख्खा भाऊ फजल कचेरीत कारकून आहे, तोही संपावर. त्याच्या पगारात घर चालत नाही, हेही खोटं नाही. जेवताना आम्ही दोघं एकमेकांकडं बघत नाही. ते सोडा. घरात ही मासळी कोण कोण खातं?

वेणूबाई : समदी. पुतळा जास्ती. सून माझी. सातवा सरत आलाय तिचा. पोटुशीला निवट्यांचा रस्सा म्हंजे ताकद. माझ्या वाटच्या पन तिच्याच ताटात घालते मी. गाल बघ तिचे कसे वर आलेत.

(आत पाट्यावर मसाला वाटल्याचा आवाज. वाटणारी पुतळाच असणार, हे ओळखून शकिला आवाज खाली आणते.)

शकिला : मावशी, हळू बोला. जपानात असंच खाडीवरचं एक गाव होतं. असाच पारा, अशीच मासळी खाणारी माणसं.

वेणूबाई : मेली?

शकिला : काही मेली. पण कितीतरी आया धडधाकट राहिल्या. त्यांच्या पोटातल्या पोरांना झालं. मान धरेनात, बोलेनात.

वेणूबाई : नको सांगू.

शकिला : मला भीती वाटते, मावशी. कदाचित काहीच नसेल. पण मला कळायला हवं. अंगात गेलेला पारा केसांत उतरतो. मासळी नासते, केस नासत नाहीत. पुतळाची एक बट मुळापासून कापून द्या. मी जपून ठेवते. मशीन सुरू झालं की पहिली तीच तपासायची.

वेणूबाई : पोटुशीचे केस? बाय, डोका फिरला का तुझा? सात म्हयन्यांच्या बाईचा केस उंबऱ्याबाहेर जात नाय. आमी तं गळालेला पन चुलीत घालतो. कोनाच्या हाती लागला तं पोराचा वाटोळा.

शकिला : माझ्या हाती देताय.

वेणूबाई : तुझा मन चांगला हाय. पन तुझ्या मागं कोन कोन हाय, मना काय ठाव? आनि तिला सांगायचा काय? सासूनं हातानं भरवला त्यात विष होता?

पुतळा : (दारात येऊन) सांगू नका, आई. मी ऐकला सगळा.

वेणूबाई : तू वाटन वाट जा. उभी राहू नको.

पुतळा : वाटन झाला. शकिलाबाई, तुमी उरनच्या, मी तुमच्या शेजारच्या मोऱ्याची. खोटं बोलू नका. केस बघून माझ्या पोटातल्याचं कळंल?

शकिला : तुमच्या अंगात पारा किती गेलाय ते कळेल. बाळाचं नक्की नाही सांगता येणार.

पुतळा : आनि जास्त निघाला तर औषध?

शकिला : नाही. खाणं थांबवायचं, एवढंच. ते आजपासूनच थांबवा.

पुतळा : आई, कात्री द्या.

वेणूबाई : पोरी, देवीचा कोप होईल.

पुतळा : होऊ दे. माझ्या हाताला मागचं दिसत नाय, तुमीच कापा. आनि तुमच्या वाटचं मना दिलं त्याचं वाईट नका वाटून घेऊ. मी चवीनं खाल्लं.

वेणूबाई : माझ्याच्यानं नाय होनार. शकिला, तू काप. आनि कापल्यावर गाठ मार, सुटा ठेवू नको.

शकिला : मारली. हे बघा, घट्ट आहे.

पुतळा : सरकार कधी उघडंल, बाई?

शकिला : फजलला रोज विचारते. त्यालाही माहीत नाही.

पुतळा : त्याला सांगा, माझे दिवस फागुनात भरतात.