बिनधुराचे रोडगे

हसू नका, पण इथं कुडव्याच्या वस्तीत गॅसच्या ग्रिलवर रोडगे करणारा मीच पहिला असेन. ग्रिल मुलानं पुण्याहून पाठवलं. फोनवर म्हणाला, "बाबा, एकच बर्नर पेटवा. आधी जाळावर वरून कडक होऊ द्या, मग बंद बाजूला सरकवून झाकण लावा."

म्हटलं, हे तर आपल्या गोवऱ्यांसारखंच; आधी निखाऱ्यावर, मग राखेत!

रोडगे एकट्यापुरते कोण करतं? परातभर कणीक मळली, वांग्याची भाजी केली. फक्कड झाले. अंगणात पत्रावळी मांडून बसलो, पण कोणी फिरकलंच नाही. मग लक्षात आलं, सालेकश्याकडे आमच्या जुन्या गावात धूर दिसला की लोक आपणहून यायचे. गॅसला धूर कुठला?

पुढच्या रविवारी पुन्हा रोडगे लावले आणि ग्रिलशेजारी दोन गोवऱ्या पेटवल्या, नुसत्या धुरासाठी. जरा वेळानं भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "काकाजी, कचरा काऊन जाळून राहिले? आमचे कपडे वाळून राहिले ना!"

"विझवतो बाई," म्हणालो आणि विझवल्या.

'रोडगे खायला या' हे तोंडातून निघालंच नाही. गावात ते कधी म्हणावंच लागलं नव्हतं ना.