सईचा दुसरा मेजर

लॉकडाऊनमध्ये आम्ही टार्निट या परदेशातल्या उपनगरात राहणारी मराठी मंडळी गणपतीची आरती झूमवर करायचो, आठवतंय ना? आरती संपली की आम्ही मुलं कॅमेरे बंद करायचो आणि आया गप्पा मारत बसायच्या. एकदा तिथून उठून आई मला, युनिव्हर्सिटीत माझ्याच वर्षाला बायो शिकणाऱ्या सईबद्दल म्हणाली, "सई बायोसोबत सायकॉलॉजीचाही मेजर घेतेय. तिची आई सांगत होती, मेडिसिनला बरा पडतो."

माझा नुसता जळफळाट झाला. खरं तर इथे डिग्रीनंतर मेडिसिनला जाताना मार्क बघतात, मेजर म्हणजे डिग्रीचे मुख्य विषय किती ते कोणी विचारत नाही. आणि माझी एकातच दमछाक चालली होती. पण सईच्या मागे राहायचं? तेही सईच्या?

शेवटी वॉकला ती भेटली तेव्हा मास्कमधूनच विचारलं, "दोन मेजर झेपतील तुला?"

"मी कुठे घेतलाय?" ती म्हणाली. "तू घेतेयस ना? तुझ्या आईने माझ्या आईला सांगितलं. तेव्हापासून माझी झोप उडालीय."

मी तणतणत घरी आले आणि आईला सगळं ऐकवलं. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे सईने अजून घेतलेला नाही?"

"नाही."

"मग आजच घेऊन टाक."