खडपाची वाट आणि गोदाक्का

उद्या किल्ला बघायला जाणार आहात ना सगळ्याजणी? जा, जरूर जा. बुरूज बघा, तलाव बघा, वरून आपल्या वेंगसरचा अख्खा किनारा दिसतो तो बघा. पण आधी माझं ऐका. तो कंदील जरा अलीकडे घ्या, आणि त्या मागच्या बाईंना चटईवर जागा द्या. हां.

ऐका. मी लग्न होऊन ह्या घरात आले त्याच वर्षी हे घडलं. ऐकीव नाही. जिच्यावर बेतलं तिनं ह्याच खळ्यात, घरापुढच्या ह्या अंगणात बसून मला सांगितलं.

गोदाक्का शेडगे तिचं नाव. माणदेशातली धनगरीण, साठी उलटलेली. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. दरसाल कळप घेऊन ही माणसं घाटमाथ्यापर्यंत यायची. तिथून खाली, लांब, अगदी लांब, एक चकचकीत रेघ दिसायची. ती नवऱ्याला विचारायची, "ते काय हाय वो?" तो म्हणायचा, "पाणी हाय. तुला काय करायचंय?" चाळीस वर्षं हिचं विचारणं तेच, त्याचं उत्तर तेच. मग नवरा वारला. त्याचं वर्षश्राद्ध उरकलं आणि बाई यष्टीत बसली, ती इथं उतरली. एकटी. खांद्यावर घोंगडं, हातात काठी.

माझ्या सासूबाईंनी विचारलं, "कोणाकडे आलात?"

"कुनाकडं न्हाई. बघाय आले."

"काय बघायला?"

"समदं."

सासूबाई म्हणजे कडक बाई, पण का कोण जाणे, तिला ठेवून घेतलं. पहिला दिवस गोदाक्का पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, नुसती बसून राहिली. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकून टाकलं, परत घेतलं. दुसऱ्या दिवशी सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर गेली. तिथं कातळात कोरलेली चित्रं आहेत, कुणी कधी कोरली देव जाणे. हत्ती, मासे, हात पसरलेला माणूस. सगळ्यांवरून हात फिरवून आली आणि मला म्हणाली, "समदं हाय, पर मेंढरू न्हाई गं त्यात."

तिसऱ्या दिवशी किल्ला. पश्चिमेच्या बुरुजावरून सूर्य पाण्यात जातो तो तिला बघायचा होता. सासूबाईंनी बजावलं, "उजेड असताना उतरा. उशीर झालाच तर वरच्या सड्यानं या. खालच्या खडपाच्या, पाण्यालगतच्या खडकांच्या वाटेनं येऊ नका. तिथं गिऱ्हा आहे."

गिऱ्हा माहीत आहे ना? बुडून मेलेल्याचं भूत. तो कुणाला ओढत नाही, बरं का. ओढायची ताकद त्याला नाही. तो फक्त बोलावतो. पाण्यात चालत जातात ते पाय आपलेच.

तर गोदाक्का बुरुजावर बसली. सूर्य गेला. पण तो गेल्यावर आभाळात जे रंग उठतात, ते सोडून कोण उठणार? ती बसली, बसली, आणि उठली तेव्हा मिट्ट अंधार. अवसेच्या आसपासचे दिवस. काठीनं चाचपत दरवाज्याशी आली. एक वाट वर सड्याकडे जाते, एक खाली खडपाकडे. ती वरच्या वाटेलाच लागली होती. तेवढ्यात बाजूला कंदील दिसला.

कांबळं पांघरलेला माणूस. आवाज मऊ. "आक्का, वेंगसरात ना? चला, मीपण तिकडेच निघालोय."

दोघं चालायला लागली. माणूस मोठा माहितगार. तोफा कुठं होत्या, तलाव कुणी खणला, गलबतं कुठं नांगर टाकायची, सगळं सांगतोय. मग थांबला. "एवढ्या लांबून आलात आणि चोरदरवाजा न बघताच जाणार? तो खालून, खडपावरूनच दिसतो. आता ओहोटी आहे."

तिला सासूबाईंचं बोलणं आठवलं. नाही असं नाही. पण ती मला काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, "पोरी, नको म्हननारी मानसं जन्मभर बघितली. दाखिवतो म्हननारा ह्यो पयलाच."

गेली त्याच्या मागून.

खाली उतरली. त्यानं कंदील वर धरला, आणि कड्यात खरोखरच कमान. दोन बाजूंना दोन सिंह कोरलेले. ती खरी आहे, उद्या तुम्हीही बघाल. गोदाक्का हरखली. तो म्हणाला, "हे काहीच नाही. अजून थोडं पुढं." पुढं गेली, तर पाण्यावर गलबत. अख्खं दिव्यांनी भरलेलं. शिडं फुगलेली, वर नगारा वाजतोय, माणसं दोर ओढतायत. "अजून थोडं पुढं, आक्का. तिथून नीट दिसेल." ती एक पाऊल गेली. आणखी एक गेली. पायाला गार लागलं.

आता मेंढरांमागं हिंडलेलं माणूस कुठंही गेलं तरी आधी जमीन बघतं. खडकांच्या मध्ये ओल्या वाळूचा पट्टा होता, कंदिलाचा उजेड त्यावर पडलेला. तिनं मागं बघितलं. तिची पावलं उमटलेली. शेजारी त्याची? एकसुद्धा नाही.

तिनं हळूच विचारलं, "पाव्हणं, तुमची पावलं कुठं हायती?"

कंदील गेला. गलबत गेलं. नगारा गेला. नुसता काळोख, आणि पाणी गुडघ्याला. भरती लागली होती. आल्या वाटेवरचं खडप केव्हाच पाण्याखाली गेलेलं.

ती पळाली नाही. पळायचं तरी कुठं? ती हातांनी कडा चाचपायला लागली. खडकाला कालवं चिकटलेली, सुरीसारखी धार त्यांना. तळवे फाटले. पण तिच्या ध्यानात आलं, की जिथवर ही शिंपली आहेत तिथवर पाणी येत असणार. मग ती चढतच राहिली. हाताला शिंपल्या लागायच्या थांबल्या, गुळगुळीत कोरडा दगड लागला, तेव्हा थांबली. बैलगाडीच्या साटीएवढी जागा. तिथं बसली. घोंगडं लपेटलं, काठी मांडीवर आडवी घेतली.

आणि खालून कोकरू ओरडलं.

ऐका नीट. गाय नाही, मांजर नाही, कोकरू. दोन दिवसांचं, आईपासून चुकलेलं. पाण्यात, अगदी हाताच्या अंतरावर. बुडतंय, वर येतंय, ओरडतंय. गोदाक्का म्हणाली, माझा हात आपोआप खाली गेला. मग तिनं स्वतःलाच विचारलं, ह्या खडकात मेंढरू आलं कुठून? हात मागं घेतला. कानात बोळे घातल्यासारखी बसली, पण रडू काही आवरेना. कोकरू ओरडून ओरडून गप्प झालं.

मग खोकल्याचा आवाज आला. नवऱ्याचा खोकला. पहाटे तंबाखू मळताना यायचा तोच.

"गोदे, ऊठ. लई झालं फिरनं. चल घरला."

चाळीस वर्षं त्या हाकेसरशी ती उठली होती. तापात उठली, बाळंतीण असताना उठली. गुडघे आपोआप सरळ झाले. एक पाय खाली गेलासुद्धा. टाचेला कालव लागलं, कातडी फाटली, खारं पाणी झोंबलं. तेवढ्यानं ती भानावर आली आणि पाय वर घेतला.

"न्हाई येनार," ती म्हणाली.

खालचा आवाज चढला. "काय म्हनलीस?"

"न्हाई येनार म्हनले. तुम्ही असाल तर तुम्हांला सांगते, दुसरं कोन असंल तर त्याला सांगते. मी समुद्र बघितला. तुम्ही नुसतं पाणी हाय म्हनायचा. त्ये पाणी न्हवं. त्याला पल्याड न्हाई. ह्ये तुम्हीबी बघितलं न्हाई आन् मलाबी बघू दिलं न्हाई. आता मला आनि लई बघायचंय."

तो चिडला. शिव्या दिल्या, सगळ्या तिच्या ओळखीच्या. लाट आली ती थेट कमरेपर्यंत. दुसरी आली, घोंगडं भिजून जड झालं. तिनं काठी दगडावर आपटली आणि लांडग्याला हाकलतात तशी आरोळी ठोकली. एकदा, दोनदा, दहादा. मग तिनं त्याला सांगायलाच सुरुवात केली. यष्टी घाटातून कशी उतरली. पुळणीवरचे खेकडे तिरके कसे पळतात. कातळावरचा हत्ती केवढा. सूर्य गेल्यावर आभाळ कसं झालं. तो हाक मारी, की ही पुढचं सांगे. घसा बसला तरी सांगत राहिली. पाणी कधी चढायचं थांबलं आणि कधी उतरायला लागलं, तिला कळलंच नाही. फटफटलं तेव्हा खाली नुसतं खडप होतं, आणि एक बगळा.

आमची माणसं शोधत गेली, तर ही समोरून चालत येतेय. हातापायांच्या चिंध्या झालेल्या. सासूबाई कडाडल्या, "सांगितलं होतं ना त्या वाटेनं येऊ नका म्हणून?"

"सांगितलं व्हतं. चुकलं माझं," ती म्हणाली. "च्या हाय का?"

गावानं ठरवलं, हिला पहिल्या यष्टीनं परत पाठवायचं. ती गेली नाही. आणखी चार दिवस राहिली, दीपगृह बघितलं, खाडीपलीकडची लेणी बघितली, मगच गेली. आणि पुढच्या वर्षी परत आली, तिच्या वाडीतल्या सात बायका घेऊन. सगळ्या ह्या खळ्यात उतरल्या. सकाळी किल्ल्यावर निघताना गोदाक्कानं माझ्याकडे बोट केलं आणि सासूबाईंना म्हणाली, "ही पोरगीबी येनार आमच्याबरूबर."

आता ऐका. विहिरीवरून तो किल्ला मला रोज दिसायचा. पण ह्या घरातली सून कधी तिथं गेली नव्हती. पाणी, लाकडं, मासे, भात. किल्ला बघायला वेळ कुणाला, आणि विचारणार कोण? मी खाली मान घालून उभी. सासूबाई आत गेल्या. मला वाटलं, झालं, आता रागावल्या. तर चपला घालून बाहेर आल्या. त्यांनीही तो बघितला नव्हता.

तेव्हा उद्या जा. सगळ्याजणी जा, कुणी नको म्हटलं तरी जा. पण उजेडी, आणि ओहोटी विचारून. अंधार पडला की वरच्या सड्यानंच परत या. खडपाच्या वाटेला रात्री पाऊल टाकायचं नाही म्हणजे नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी. तो अजून आहे तिथं.