सकाळी सहाचा डॅशबोर्ड

डोळ्यांत थेंब घालून शिंपीणबाई दवाखान्यात डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावरचे वडील आणि मुलगी त्यांना फक्त ऐकू येत होते.

"तुझा तो मोबाइलवरचा डॅशबोर्ड नको गं मला. चष्मा लावेपर्यंत आपल्या कारखान्याचे आकडे बदलतात. महिन्याचा छापील रिपोर्ट दे, निवांत वाचेन."

"बाबा, कारखान्यात सगळे डॅशबोर्डच बघतात."

"ते कामावर आहेत. मी रिटायर होऊन घरी बसलोय."

"बरं, रिपोर्टही देते. पण डॅशबोर्ड उघडत जा."

"कशाला?"

"कोणी किती वाजता उघडला, ते मला दिसतं. तिकडे तुम्ही एकटे. तुमच्या नावापुढे सहा वाजलेले दिसले, की मग माझ्या घशाखाली चहा उतरतो."

"ठाऊक आहे मला."

"कसं काय?"

"मागे नेट गेलं होतं, तर सातच्या ठोक्याला तुझा फोन. म्हणे, चष्म्याचा नंबर किती."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलायचं काय त्यात? तेव्हापासून रविवारीही उघडतो."

"रविवारी कारखाना बंद असतो, बाबा. सगळीकडे शून्यच दिसतं."

"दिसू दे. तुला चहा घ्यायचा असतो ना?"