गच्चीवरची लाल थाळी

नाही जी, स्टुलावर बसा, ती खुर्ची गोपाळराव डॉक्टरची — पाय मोडका आहे, त्यांनी स्वतः तार गुंडाळली, तीही उलटी. डॉक्टर म्हणजे दवाईचे नव्हे, पाण्याचे. पांढरी भुकटी रंगाच्या पाण्यात टाकायची, थाळी उन्हात ठेवायची, अन् उन्हाच्या जोरावर भुकटी रंग खाऊन टाकते, स्वतः तशीच राहते — एवढं सांगायले बावीस पानं लागली त्यांले. इंग्रजीत. आता तुमच्या पुण्याच्या लॅबनं तीच भुकटी घेतली, तोच रंग घेतला, अन् रंग काही गेला नाही. म्हणून तुम्ही आले. आकडे मनचे लिहिले काय, हेच पाहायचं ना? तसं निघालं तर माणूस घरी. जाऊ द्या घरी, माझं काय जाते.

आम्ही उमरेडचे कोष्टी. बाप सूत रंगवायचा, कोपरापर्यंत हात लाल, जेवतानाही लाल. उन्हात रंग उडतो हे आमच्या शेळीलेही माहीत होतं — हे त्याच्यासाठी परदेशातून डबा मागवतात. सूत कोणतं, रेशीम कोणतं, ओळखता येत नाही, अन् सुताच्या रंगावर पुस्तक लिहून राहिले. खिशात पेन गळते, समजत नाही. थाळी गच्चीवर ठेवली की हे खाली पंख्याखाली — मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, डॉक्टरच्या डोक्याले कसं सोसन. मग वर कोण? श्रावण. म्हणजे मी.

पुरावा पाहिजे? आहे ना. सातवी शिकलो, इंग्रजी इथंच बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून शिकलो, पण सव्वीस वर्षांत वहीचा एक दिवस कोरा नाही सोडला. कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांच्या वहीत अर्धे दिवस 'वरीलप्रमाणे' — वरीलप्रमाणे काय, आभाळ? हे ऐका. बारा मे शहाऐंशी, सोमवार. सकाळी आठ, गच्चीच्या टाकीत ब्लिचिंग पावडर, काविळीची साथ म्हणून दुप्पट. दुपारी सव्वादोन, उन्हातल्या थाळीचं पाणी दोन बोटं उतरलं, भरलं. पाच वाजता रंग फिका. तेरा मे, भरलं, गुलाबी. चौदा मे, भरलं, साफ. खालच्या कपाटातली झाकलेली थाळी, भुकटी तीच, लालच. याले म्हणतात लिहिणं.

कशानं भरलं म्हणजे? पाण्यानं. — नाही, हुकूम तसा होता, डिस्टिल वॉटरच घालायचं, कॅनमधलं. पण कॅन तळमजल्यावर, जिने तीन, अन् टाकीचा नळ थाळीपासून दोन हातांवर. गुडघे कोणाचे, त्यांचे की माझे? पाणी ते पाणी. झाकलेल्या थाळीत काही घातलं नाही, तिचं पाणी उतरतच नव्हतं, तिच्यात काहून घालू —

थांबले काहून? लिहा ना.

ब्लिचिंग पावडर, हो, माहीत आहे मले. बापही आणायचा. रंगाचा लॉट बिघडला की सूत त्याच पाण्यात बुडवायचा, संध्याकाळपर्यंत पांढरं. मी स्वतः बुडवलं आहे लहानपणी, किती वेळा — या हातानं.

हं.

म्हणजे रंग भुकटीनं नाही गेला.

पाहा कसा माणूस आहे. दोन वर्षं झाली, एकदा विचारलं नाही — श्रावण, कुठलं पाणी घातलं? दिसलं ते लिहिलं, अन् खूश. खोटं लिहायले अक्कल लागते जी, ती या माणसाजवळ कुठून येणार. हेच लिहा तुमच्या कागदावर, खोटारडा नाही, बावळट आहे. अन् दुसरं, नळाचं पाणी कोणी घातलं — ते तर तुम्ही लिहालच.

नाही, वही नाही मिळणार. पान फाडीन असं वाटते काय तुम्हाले? फाडलं तर बारा, तेरा, चौदा कोरे राहतील. इथंच बसून उतरवून घ्या. अडीच काहून लिहून राहिले? सव्वादोन. सव्वादोन लिहा. अन् माझं नाव पूर्ण लिहा, नुसतं शिपाई नको. झालं की जा — दार लोटून घ्या, चहाचं आता नका विचारू.