एकचं बटण

अरे, मोबाईल नवीन नवीन आलेले तेव्हाची गोष्ट. आई डोंबिवलीत एकटी राहायची, म्हणून मी तिला एक घेऊन दिलेला. ती तो कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची.

"एकचं बटण दाबून धरलंस की मला फोन लागतो. काही झालं तरच दाब हं," असं बजावलेलं.

एका दुपारी मी ठाण्याला ऑफिसात असताना तिचा फोन आला.

"जेवलास का रे?"

"हो, आत्ताच. का गं?"

"मी मोरीपाशी पडलेय. पाय हलत नाहीये."

मी लगेच शेजारच्या काकूंना फोन केला. त्यांच्याकडे घराची किल्ली होती, त्यांनीच तिला हॉस्पिटलात नेलं. मी पोचलो तेव्हा पाय प्लास्टरमध्ये.

"आधी पडल्याचं सांगायचं ना गं!"

"सांगितलं असतं, तर जेवला असतास का?"