हवा खेळती हवी

ओल हा शब्द माझ्यासमोर काढूच नका, हातातला चहासुद्धा नकोसा होतो. मी चांदवडच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. तिथल्या जुन्या पुस्तकांना बुरशी धरायला लागली, तेव्हा मी अध्यक्षांच्या मानगुटीवर बसून पुस्तकं साठवायला वेगळी खोली बांधून घेतली. अध्यक्ष म्हणजे अण्णा, पक्के कांदेवाले. मी म्हटलं, “एसी नसला तरी चालेल, पण हवा खेळती हवी.”

“म्हंजे आम्ही कांदा साठवतो ती कांदाचाळच की मॅडम! खालून हवा, बाजूनं हवा. हे मला नका शिकवू.”

आणि खरंच, जमिनीपासून हातभर उंच फळ्या, भिंतींना जाळ्या, वर पंखा, अशी झकास खोली झाली.

पाऊस तोंडावर आलेला. ढग दिसला की मी वाचनालयाच्या खिडक्या लावत सुटायचे. शेवटी राहवेना. दोन कपाटं पुस्तकं टेम्पोत घालून गेले, कुलूप काढलं, तर आत छातीपर्यंत कांदा भरलेला!

तिथूनच फोन लावला. “अण्णा, हे काय?”

“टेस्टिंग चाललंय. हवा खेळते का नाय, ते कांद्यासारखं कुणी सांगत नाय.”

“पण किती दिवस?”

“टिकला, तर भाव येईपर्यंत.”

“आणि सडला तर?”

“मॅडम,” अण्णा अगदी कळवळून म्हणाले, “मग असल्या खोलीत तुमची पुस्तकं ठेवू देईन का मी?”